नणंदेचं मत

नॉयफेल्ड गावात अल्विना ड्रायलिंगच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि तिच्या हातच्या बीरॉकला नको म्हणायचीही. कोबी, कांदा आणि खिमा पोटात घालून भाजलेले ते गरम पाव चर्चच्या जेवणाला आले की माणसं देवाची प्रार्थना घाईघाईनं उरकत. तिचे पणजोबा रशियातल्या व्होल्गा नदीकाठून कॅन्ससच्या ह्या उघड्या माळावर उतरले तेव्हा त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या, बीरॉकची कृती आणि जर्मन शिव्या, असं ती सांगे. दोन्ही तिनं नीट सांभाळल्या होत्या.

वय एकोणऐंशी. नवरा नॉर्बर्ट जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजारच्या घरात तिची नणंद टिली. पाळण्यातलं नाव ओटिलिया, पण ते फक्त पाद्री आणि डॉक्टर वापरत. दोन घरांच्या मध्ये नुसतं गवत, कुंपण नाही. नॉर्बर्ट म्हणायचा, "एकीकडे बहीण, एकीकडे बायको. मध्ये कुंपण घातलं तर दोघी मिळून मलाच त्याच्यावर वाळत घालतील."

नणंद-भावजयीचं पटत नव्हतं असं नाही. पटायचं, पण भांडून. सकाळी कॉफीला टिली काठी टेकत गवतावरून यायची, आणि पहिला घोट पोटात जायच्या आत कशावरून तरी जुंपायची. कॉफी पातळ का, पोपटी पडदे का लावले, टिलीच्या मुलीचं, मार्लीसचं, दुसरं लग्न मोडलं ते कुणाच्या वळणावर. दुपारी पत्ते. पत्त्यांत मात्र दोघी जोडीदार, आणि तिथं सगळं गाव त्यांना घाबरून असे.

टिलीचे डोळे चार-पाच वर्षांपूर्वी गेले. उजेड आणि अंधार तेवढा कळे, बाकी सगळं धुकं. तेव्हापासून तिचं टपाल अल्विना वाचे, औषधं अल्विना लावून देई, पत्तेही हातावर बोटानं खुणा करून अल्विनाच सांगे. आणि निवडणूक आली की मतही अल्विनाच भरे. ज्याला दिसत नाही त्यानं आपल्या भरवशाचं माणूस आत न्यावं आणि त्याच्या हातून कागदावरचा गोल भरून घ्यावा, अशी तिथं सोय आहे.

आता गंमत बघा. अल्विना बापापासूनची डेमोक्रॅट. टिलीही तशीच होती, पण पन्नास वर्षांपूर्वी ती रिपब्लिकनांकडं फिरली ती फिरलीच. त्यामुळे दर निवडणुकीला अल्विना आधी आपलं मत देई आणि मग टिलीच्या कागदावर स्वतःच्याच हातानं ते रद्द करून टाकी.

"अगं, ह्या माणसाला?" ती कुजबुजे. "ह्याला आपल्या गायीसुद्धा मत देणार नाहीत."

"गायींना विचारलंय कुणी? भर मुकाट्यानं."

आणि अल्विना भरे. कपाळाला हात लावून भरे, पण भरे. पुढारी काय, येतात आणि जातात. त्यांच्यासाठी नणंदेला फसवण्याइतकी कुणाची लायकी नव्हती.

पण दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात गोष्ट पुढाऱ्यांची राहिली नाही.

त्र्याहत्तर साली वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं बाईला गर्भ पाडायचा हक्क दिला होता. जूनच्या अखेरीस त्याच कोर्टानं तो काढून घेतला आणि सांगितलं, ज्या त्या राज्यानं आपापलं बघावं. कॅन्ससच्या घटनेत हा हक्क आहे, असं इथल्या कोर्टानं तीनच वर्षांपूर्वी म्हटलेलं. मग ज्यांना ते खुपत होतं त्यांनी प्रश्न थेट लोकांपुढे टाकला: घटनेतून तो हक्क काढायचा का? हो की नाही? मतदान ऑगस्टमध्ये. बघता बघता प्रत्येक अंगणात पाट्या उगवल्या. नॉयफेल्डमध्ये बहुतेक 'हो'च्या. गाव पक्कं कॅथलिक, त्यातून टिली चर्चमधल्या माळकरणींच्या, म्हणजे जपमाळ ओढणाऱ्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष. तिच्या अंगणात पाटी लागली ती गावातली पहिली.

टिली काही पुस्तकं वाचून 'हो' म्हणणारी नव्हती. एकाहत्तर साली तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात जर्मन गोवर निघाला. तेव्हा कॅन्ससमध्ये नवा कायदा आलेला, तीन डॉक्टरांनी सह्या केल्या तर इस्पितळात मोकळं करून मिळायचं. डॉक्टर म्हणाले, मूल धड निघणार नाही, सह्या आम्ही आणतो. टिली म्हणाली, सह्या तुमच्या वहीत ठेवा. एमिल जन्माला आला तो बहिरा आणि हृदयानं अधू. नऊ वर्षं जगला. पण काय जगला! लग्नाच्या मांडवात अकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या मांडीला टेकून बसायचा, पेटीवर तळवे ठेवायचा आणि थरथरीवरून ताल पकडून असा नाचायचा की नवरी राहायची बाजूला आणि लोक ह्यालाच बघत राहायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची धर्ममाता झाली ती अल्विना. तो गेला तेव्हा टिलीपेक्षा तीच जास्त रडली, आणि हे टिलीनं तिला कधी विसरू दिलं नाही.

तर टिलीला वाटे, त्या तीन सह्या झाल्या असत्या तर? बस, तिचा वाद तिथंच संपे.

अल्विनाचा वाद त्याच्याही आधी सुरू झालेला. बासष्ट साली, एकोणीस वर्षांची असताना ती इस्पितळात चादरी बदलायच्या कामाला होती. एका दुपारी रोझिना नावाची बाई आली, पाच लेकरांची आई. सहावं नको म्हणून कुणाकडून तरी काहीतरी करून घेतलेलं, आणि अंग तापानं भाजत होतं. डॉक्टरच्या पाठोपाठ शेरीफ, म्हणजे तिथल्या पोलिसांचा मुख्य, आत आला, कारण तेव्हा हा गुन्हा होता. 'कुणी केलं? नाव सांग.' बाई पाणी मागत होती आणि तो नाव मागत होता. अल्विनानं पाण्याचा पेला भरून आणला तर शेरीफनं हात आडवा केला, आधी नाव. रोझिनानं नाव सांगितलं नाही. संध्याकाळी तिला शेवटची आंघोळ घालायचं काम अल्विनाकडं आलं. तो पेला तसाच भरलेला होता.

अल्विना रविवार न चुकवता चर्चला जाई, उपास करी, माळ जपे. पण ह्या एका बाबतीत ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. "देवाचं देव बघून घेईल," ती म्हणे, "शेरीफ खाटेपाशी नको."

दोघींना एकमेकींचं हे सगळं ठाऊक होतं. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात विचिटा शहरात ह्याच प्रश्नावर हजारो माणसं रस्त्यात बसली, तेव्हा टिली मंडळाची बस घेऊन गेली आणि पोलिसांनी तिलाही उचललं. पन्नाशीची बाई, हातात माळ, पोलिसांच्या गाडीत बसून खड्या आवाजात भजनं. तिला सोडवून आणायला कोण गेलं? तर अल्विना. तीन तास गाडी हाणत गेली आणि येताना तीन तास भांडली. वाटेत एका हॉटेलात चेरी भरून भाजलेलं काही गोड खायला थांबल्या तिथंही भांडल्या, इतक्या की वाढणारी पोरगी बिल मागायलाच येईना.

पण ते भांडण होतं. ह्या उन्हाळ्यात मत होतं.

जुलैत चर्चमागच्या हॉलमध्ये सभा झाली. शहरातून एक तरणाबांड वक्ता आलेला, गळ्यात टाय, केसांना तेल. तो म्हणाला, जुन्या कायद्यानं बायकांना कधी काही त्रास झाला नाही, ह्या सगळ्या नंतर रचलेल्या कहाण्या आहेत. अल्विना तेव्हा बीरॉकचा ट्रे घेऊन मागून येत होती. ती जागीच थांबली.

"किती साली जन्मलास रे बाबा?" तिनं विचारलं.

"पंच्याण्णव," तो म्हणाला.

"मग गप्प बैस आणि पाव खा." आणि ट्रे टेबलावर ठेवून तिनं रोझिनाची गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली. साठ वर्षांत पहिल्यांदा असं चारचौघांत. पहिल्या रांगेतून टिलीचा आवाज आला, "अल्विना, झालं ना सांगून? वाढ आता, गार होतंय." आवाज कडक नव्हता. पण जेवणं झाल्यावर ती अल्विनाच्या गाडीतून घरी गेली नाही, मुलगी मार्लीसच्या गाडीतून गेली.

दुसऱ्या दिवशी अल्विनानं आपल्या अंगणात 'नाही'ची पाटी लावली. गावातली एकुलती एक.

आता झाली पंचाईत. सगळ्या गावाला दिसली, टिलीला दिसली नाही. आणि टिलीला सांगणार कोण? दुकानदार सांगेना, पोस्टमन सांगेना. मार्लीस रोज संध्याकाळी आईकडं यायची, ती पाटीकडं बघून खुसूखुसू हसायची आणि आत जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारायची. अल्विना सकाळी कॉफी ओतताना रोज ठरवी, आज सांगायचं, आणि रोज साखर पुढे करी. एवढी फटकळ बाई, पण ह्या वेळी जीभ टाळ्याला चिकटली होती.

शेवटी सांगितलं ते वाऱ्यानं. कॅन्ससच्या माळावरचा वारा म्हणजे कुणाचा मुलाहिजा नसलेला पाहुणा. एका शनिवारी असा सुटला की कचऱ्याचे डबे रस्ताभर लोळले आणि अल्विनाची पाटी उखडून टिलीच्या पायरीपाशी जाऊन पडली. रविवारी पहाटे टिली काठी टेकत बाहेर आली, काठी पाटीला लागली. तिनं वाकून चाचपलं. पुठ्ठ्याची पाटी, खाली तारेचे दोन पाय. आपलीच दिसतेय, तिला वाटलं. अरे देवा, माझी पाटी पडली आणि आज रविवार, सगळं गाव इथून जाणार! आत जाऊन तिनं हातोडी आणली आणि गुडघ्यांवर बसून, चाचपत चाचपत, ती पाटी आपल्या दारात ठोकून घट्ट बसवली.

तिची स्वतःची पाटी चार पावलांवर जशीच्या तशी उभी होती.

चर्चला जाणारं गाव तिथून गेलं. माळकरणींच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात 'हो', आणि शेजारीच ताठ मानेनं 'नाही'. लोक चर्चमध्ये माना खाली घालून बसले होते, भक्तीनं नव्हे. प्रार्थना संपल्यावर नवे, तरुण फादर तिच्याजवळ आले आणि चाचरत म्हणाले, "ओटिलियाबाई, तुमच्या दारात दोन पाट्या आहेत."

"असू दे की फादर," टिली आनंदानं म्हणाली. "एकीनं कुठं भागतंय? आणखी दोन द्या, त्याही लावते."

मग कुणाला हसू आवरेना. सगळं चर्च फुटलं. टिलीला कारण कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

ती तडक अल्विनाच्या दारात.

"आंधळीची थट्टा केलीस!"

"मी केली? वाऱ्यानं उडवली, तू ठोकलीस. हातोडी घेऊन! सगळ्यांनी बघितलंय."

"आणि मुळात तुझ्या अंगणात ती होती, हे मला कधी सांगणार होतीस? रोज माझ्यासमोर बसून कॉफी पितेस, माझी पत्रं वाचतेस, आणि हे वाचलं नाहीस?"

अल्विनानं आयुष्यात पहिल्यांदा भांडण अर्ध्यावर सोडून पायपुसणं सरळ केलं, आणि टिलीला तेच जास्त लागलं.

"तू नको येऊस मतदानाला," टिली म्हणाली. "माझं मत मार्लीस भरेल. नाहीतर फादर माणूस देतायत."

"जा, ने कुणालाही."

दार आपटलं ते कुणी आपटलं हे दोघी अजून एकमेकींवर ढकलतात.

त्यानंतर गवतावरून काठीचा आवाज आला नाही. पत्त्यांची जोडी मोडली, आणि गावातल्या इतर जोड्यांना वर्षानुवर्षं न मिळालेले डाव मिळू लागले. अल्विना सवयीनं कॉफी दोघींची करी आणि उरलेली मोरीत ओती. खरं सांगायचं तर तिला एक प्रकारे सुटल्यासारखंही वाटलं होतं. आपल्या हातानं 'हो' भरायचं आता टळलं. रोझिनाला पाणी न देणाऱ्या कायद्याला आपली बोटं नाही लागणार. हा विचार आला की तिला बरं वाटे, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटे. कारण टिलीला औषधाच्या बाटल्या कोण लावून देत असेल, हे बघायला ती रोज खिडकीशी उभी राही.

मतदानाचा मंगळवार उजाडला तो अंगाची काहिली करत. अल्विनानं ठरवलं होतं, ऊन उतरल्यावर जायचं. नऊच्या सुमाराला दारावर काठीनं ठोकलं. बाहेर टिली. ईस्टरचा निळा झगा, मोत्यांची माळ, हातात पर्स.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"मार्लीस नेणार होती ना?"

"तिच्या गाडीत मला मळमळतं."

"आणि फादरचा माणूस?"

"त्याला मी ओळखत नाही. अनोळखी पुरुषाबरोबर मी पडद्याआड जाऊ ह्या वयात? अगं, बघतेस काय, गाडी काढ. की चालत जाऊ?"

अल्विनानं गाडी काढली. वळणावर टिली म्हणाली, "हळू. मरायचंच असेल तर मत देऊन मरू."

चर्चमागच्या हॉलमध्येच मतदान. टेबलाशी याद्या घेऊन बसलेल्या डार्लानं दोघींना एकत्र बघितलं आणि तिचा पेन हातातच राहिला. पाट्यांची गोष्ट तिनंही चारचौघात चवीनं सांगितली होती.

"टिलीकाकू, तुमच्याबरोबर आत कोण जाणार?"

"ही."

"ही म्हणजे... अल्विनाकाकू?"

"दुसरी कुणी दिसतेय का इथं? मला तर नाही दिसत."

डार्लानं नियम सांगितला: त्या सांगतील तेच भरायचं, आपलं मत घालायचं नाही. अल्विना म्हणाली, माहितीये गं मला, तू शाळेत होतीस तेव्हापासून मत देतेय. आधी तिनं आपला कागद भरला. 'नाही'चा गोल तिनं असा रगडून भरला की कागद फाटायचा राहिला. मग दोघी मिळून टिलीचा कागद घेऊन आडोशाला गेल्या.

प्रश्न लांबलचक होता. अल्विनानं हलक्या आवाजात सगळा वाचला, एक शब्द न गाळता.

"एवढं पाल्हाळ?" टिली म्हणाली. "ह्याच्यापेक्षा आपल्या फादरचं प्रवचन बरं."

"काकू, हळू," बाहेरून डार्ला. "अख्ख्या हॉलला ऐकू जातंय."

टिलीनं चाचपून अल्विनाचा दंड धरला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "हो."

बस, एवढंच. आणि तिनं दंड सोडून दिला.

अल्विनाच्या हातात पेन होता आणि समोर दोन गोल, वर 'हो', खाली 'नाही'. दोन्ही रिकामे, दोन्ही सारखे, मध्ये बोटभर अंतर. कुणी बघत नव्हतं. जिनं बघायचं तिला दिसत नव्हतं. कागद पेटीत पडला की देवाच्या बापालाही कळणार नव्हतं कुणाचा कुठला. तिच्या मनात आलं, आणि आलं नाही असं ती पुढं कधी म्हणाली नाही, की हा एक गोल मी खाली भरला तर काय बिघडलं? टिली समाधानानं घरी जाईल. मी समाधानानं घरी जाईन. आणि रोझिनासाठी एकाऐवजी दोन मतं पडतील. साठ वर्षं ती बाई माझ्याकडं पाणी मागतेय. पेन खालच्या गोलावर आला आणि टेकला नाही.

टिली आपली समोर तोंड करून, पर्स दोन्ही हातांत धरून उभी होती, बसची वाट बघत असल्यासारखी. भरलं का, असं विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, अल्विनाला वाटलं, रागावून तरी भरलं असतं.

रोझिनानं मरता मरता नाव सांगितलं नाही ते कशासाठी? कुणीतरी भरवसा टाकला होता म्हणून. हे अल्विनाला तिथं, त्या आडोशात, पहिल्यांदा सुचलं, आणि तिचा तिलाच राग आला. तिनं पेन वर उचलला, वरच्या गोलावर ठेवला आणि 'हो' भरला. काठोकाठ, नीट, बाहेर एक रेघ न जाऊ देता. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान बाजूला करून भरला.

"झालं," ती म्हणाली. "आता तुझे ते पुढारी सांग."

गाडीत बसल्यावर टिलीनं पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली.

"रडलीस ना?"

"नाही."

"नाक ओढत होतीस."

"गवताची ॲलर्जी."

"हॉलमध्ये गवत?" टिलीनं पर्सचा खटका उघडून मिटला. मग म्हणाली, "मार्लीसला नेलं असतं ना, तर तिनं 'नाही' भरलं असतं."

अल्विनानं गाडी चालू करता करता थांबवली. "मार्लीस? आपली मार्लीस? ती तर तुझ्या मंडळात आहे!"

"मंडळात आहे, माळ जपते, आणि 'नाही' भरते. मला दिसत नाही, अल्विना, पण कळतं सगळं. आईला वाईट वाटू नये म्हणून माझ्या कानात 'भरलं हो आई' म्हणाली असती, लाडानं, आणि भरलं असतं तिचं. आणि तो फादरचा माणूस. त्यानं 'हो' भरलं असतं, पण मी 'नाही' सांगितलं असतं तरी 'हो'च भरलं असतं. म्हणजे ते मत माझं कसं?" ती खिडकीकडं वळली, जशी काही तिला बाहेरची शेतं दिसत होती. "ह्या अख्ख्या गावात माझ्या विरुद्ध पाटी लावणारं एकच माणूस आहे. मग माझं मत तुझ्याशिवाय देऊ कुणाच्या हातात?"

अल्विनानं गाडी चालू केली. मग ती म्हणाली, "पाटीचं मी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. मेले, इतके दिवस सगळं गाव मला हसत होतं आणि मी तुझी कॉफी चांगली झालीय म्हणत होते."

"झाली होती चांगली."

"पातळ होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीचा आवाज गवतावरून आला. निकाल रेडिओवर लागून गेला होता. सगळ्या राज्यात 'नाही' आलं होतं, शंभरातल्या जवळजवळ साठ जणांचं. मोठमोठे जाणकार तोंडात बोट घालून बसले होते. नॉयफेल्डनं मात्र 'हो'च म्हटलं होतं, पण तिथंही 'नाही' म्हणणारे गावाला वाटले होते त्याच्या कितीतरी पट निघाले. अंगणात पाटी एकच होती. बाकीच्यांनी आपली पाटी मनात लावली असणार. अल्विना रेडिओपुढे हसली होती, मग पदर नसल्यामुळं बाहीला डोळे पुसले होते, आणि मग शेजारच्या घरात अजून दिवा का लागला नाही म्हणून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती.

टिली आत आली, नेहमीच्या खुर्चीत बसली. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

"जिंकलीस," ती म्हणाली.

"गावात तू जिंकलीस."

"गावाचं काय लोणचं घालू?" तिनं कप पुढे केला. "मला एमिलची फार आठवण येतेय गं."

"मलाही," अल्विना म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं. तिनं कॉफी ओतली, आज जरा कडक, आणि दोघी मुकाट्यानं प्यायल्या. भांडण झालं नाही. भांडण न होता कॉफी संपली, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं असेल.

कप खाली ठेवून टिलीनं काठी शोधली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"नोव्हेंबरात गव्हर्नरची निवडणूक आहे. त्या दिवशी सकाळी दुसरीकडं कुठं जाऊ नकोस. आणि आत्ताच सांगून ठेवते, तुझ्या त्या बाईला मी मत देणार नाही."

"नको देऊस," अल्विना म्हणाली. "मी भरीन तुझ्या त्या माणसाला."

"भरशीलच," टिली म्हणाली आणि काठी टेकत गवतावर उतरली.